डॉक्टर काय म्हणाले?

नाशिकमध्ये शरणपूर रोड, कॅनडा कॉर्नर किंवा मुंबई नाका यांपैकी कोणत्याही भागातल्या रुग्णालयाच्या जिन्याखाली औषधांचे दुकान असते आणि त्या दुकानाच्या काउंटरवर दिवसभर एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी विचारला जातो : “ही कशाची गोळी आहे हो?” विचारणारा माणूस पाचच मिनिटांपूर्वी वरच्या मजल्यावर डॉक्टरांसमोर बसलेला असतो, तिथे त्याने फी भरलेली असते, मान डोलावलेली असते आणि “हो, हो, कळलं” असेही म्हटलेले असते. काउंटरवरचा मुलगा खिशातले बॉलपेन काढतो, गोळ्यांच्या पाकिटावर ‘स’ आणि ‘रा’ अशी अक्षरे लिहितो, वाचता न येणाऱ्या आजीबाईंसाठी सकाळची एक आणि रात्रीच्या दोन उभ्या रेघा ओढतो, “ही जेवणाआधी, ह्या दोन्ही जेवण झाल्यावर” असे दोनदा सांगतो आणि पुढच्या चिठ्ठीकडे वळतो. बाहेरच्या बाकावर बसलेले नातेवाईक विचारतात, “डॉक्टर काय म्हणाले?” उत्तर बहुधा ठरलेले असते : “काही नाही, गोळ्या दिल्यात. पंधरा दिवसांनी बोलावलंय.”

डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातल्या संवादाविषयी लिहिले-बोलले जाते तेव्हा चर्चा बहुतेक वेळा डॉक्टरांच्या वागण्यापाशीच घुटमळते. अमुक डॉक्टर तुसडे आहेत, तमुक डॉक्टरांशी नुसते बोलले तरी निम्मा आजार पळतो, त्यांच्या हाताला गुण आहे, अशा वाक्यांवर आपण डॉक्टर निवडतो आणि सोडतो. माझे म्हणणे असे आहे की या मोजपट्टीने काहीच मोजले जात नाही. जिना उतरून खाली आलेला माणूस डॉक्टरांच्या बोलण्यातले काय आणि किती स्वतःच्या शब्दांत परत सांगू शकतो, ही उपचाराच्या दृष्टीने मोजण्याची गोष्ट आहे. आणि ती डॉक्टरांच्या स्वभावावर सोडून देणे हे शस्त्रक्रियेनंतर गॉजचे तुकडे मोजून घेण्याचे काम सर्जनच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीवर सोडण्यासारखे आहे.

हे मला शिकवले ते माझ्या मामांनी. मामा बागलाण तालुक्यातले कांदा उत्पादक शेतकरी. काही वर्षांपूर्वी छातीत कळा येऊ लागल्या म्हणून त्यांना सटाण्याहून नाशिकला आणले, अँजिओप्लास्टी झाली, रक्तवाहिनीत स्टेंट बसला. ज्यांनी ती केली ते डॉक्टर अतिशय लाघवी होते. राउंडला आले की मामांच्या खांद्यावर हात ठेवून “काय बाबा, कांद्याला काय भाव मिळाला यंदा?” असे विचारायचे, आणि मामा पुढे कितीतरी महिने गावात त्या एका वाक्याचे कौतुक सांगत होते. घरी सोडताना डॉक्टरांनी एका छोट्या गोळीवर बोट ठेवून बजावले, “ही रक्त पातळ करायची गोळी आहे, ही चुकवायची नाही.” मामा हो म्हणाले. पंधरा दिवसांनी गावाकडच्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि सांगितले की रक्त कमी आहे, हिमोग्लोबिन साडेनऊ भरले. मामांच्या डोक्यात ही दोन वाक्ये शेजारी येऊन बसली आणि त्यांनी कोणालाही न विचारता ती छोटी गोळी बंद केली. महिनाभराने मी गावी गेलो असता पत्र्याच्या डब्यात न फोडलेली पाकिटे दिसली, म्हणून विचारले. मामांनी अहिराणीत मलाच उलटा प्रश्न केला, “मन्हं रगत पहिलेच कमी शे, आखो पातळ कसाले करानं?”

या तर्कात चूक कुठे आहे, ते वैद्यकाचे ज्ञान नसलेल्या कोणीही दाखवून द्यावे. ताकात पाणी घातले की ताक पातळ होते, वरण पुरवायचे असेल तर ते पातळ करतात, आणि पातळ झालेल्या वस्तूतला कस कमी होतो, हे ज्याला माहीत आहे त्याने आपले कमी असलेले रक्त आणखी पातळ करून घेऊ नये, हेच शहाणपणाचे आहे. खरी गोष्ट अशी की ती गोळी रक्त पातळ करतच नाही. रक्तातल्या सूक्ष्म कणिका एकमेकींना चिकटून गुठळी होऊ नये, विशेषतः नव्याने बसवलेल्या स्टेंटच्या जाळीत ती होऊ नये, एवढेच तिचे काम असते. ‘रक्त पातळ करणारी’ हा एका इंग्रजी बोलीप्रयोगाचा शब्दशः अनुवाद आहे आणि तो दवाखान्यादवाखान्यांतून रोज केला जातो. “नळीत गुठळी होऊ नये म्हणून ही गोळी आहे, बंद केली तर नळी पुन्हा चोंदू शकते” असे कोणी म्हटले असते, तर ठिबकच्या नळ्या साफ करण्यात आयुष्य गेलेल्या मामांना ते अर्ध्या मिनिटात समजले असते. आम्ही त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला, गोळी पुन्हा सुरू झाली, आणि नशिबाने मधल्या काळात काही झाले नाही. मामांना डिस्चार्जच्या वेळी चार पानांचे कार्ड मिळाले होते. ते सगळे इंग्रजीत होते.

यात कोणी उर्मट नव्हते, कोणी घाई केली नव्हती, पैशाचा गैरव्यवहार नव्हता. गोड बोलणे भरपूर झाले होते; कळणे मात्र झाले नव्हते.

वैद्यकशास्त्र इंग्रजीत शिकले जाते आणि आजार मराठीत येतो. या दोहोंच्या मधली वाट प्रत्येक डॉक्टर आपापल्या अंदाजाने तुडवतो, कारण ती कोणी शिकवत नाही. वास्तविक मराठीत दुखण्याचे जितके बारकावे आहेत तितके केसपेपरवर कधी उतरतच नाहीत. गळू ठणकते, हिरडी ठसठसते, पाठीत चमक भरते, पोटात कळ येते किंवा मुरडा येतो, पायात गोळे येतात, डोळे चुरचुरतात, काटा सलतो, हातापायांना मुंग्या येतात, आणि चक्कर, भोवळ व अंधारी या तिन्ही गोष्टी आमच्या आजीच्या लेखी वेगवेगळ्या होत्या. रुग्ण ‘चमक’ म्हणतो तेव्हा तो क्षणभर येऊन जाणारी, हालचालीने उठणारी वेदना सांगत असतो. ‘ठणका’ म्हणतो तेव्हा नाडीच्या ठोक्याबरोबर उसळणारी. कान असलेल्या डॉक्टरला या एका शब्दात निदानाची दिशा मिळू शकते. परंतु “दुखतंय ना? किती दिवसांपासून?” एवढ्यावर प्रश्न संपला की सगळे बारकावे ‘पेन’ या एका शब्दात जमा होतात. “जीव घाबरा होतो” आणि “कसंतरीच होतं” या दोन तक्रारी तर बहुतेक वेळा हसण्यावारी नेल्या जातात. हृदयविकाराचा झटका बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये पुष्कळदा छातीत न दुखताही येतो, तेव्हा ‘कसंतरी’ हाच त्याचा निरोप असू शकतो, हे ठाऊक असूनही.

उलट्या दिशेने जाणारे शब्द अधिक धोक्याचे असतात. रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला असे ऐकून पेढे वाटावेत असा चेहरा करणारी माणसे मी पाहिली आहेत. “रिपोर्ट नॉर्मल आहेत” हे वाक्य डॉक्टर दिलासा म्हणून उच्चारतात आणि रुग्ण त्याचा अर्थ ‘यांना माझा आजार सापडला नाही’ किंवा ‘यांना वाटतं मी ढोंग करतोय’ असा घेतो. “उद्या उपाशीपोटी या” असे सांगितले की आपल्याकडचा माणूस प्रामाणिकपणे उपाशी येतो, म्हणजे दोन कप चहा आणि फार तर एक खारी खाऊन येतो, कारण चहा हे आपल्याकडे खाण्यात धरतच नाहीत. थायरॉइडची गोळी सकाळी उठल्यावर पाण्याबरोबर घेऊन पुढे अर्धा-पाऊण तास चहासुद्धा घ्यायचा नसतो, हे ‘उपाशीपोटी’ या शब्दात मावत नाही. ते ‘चहाच्या आधी’ असेच सांगावे लागते. “बीपी आता नॉर्मल आहे” ही शाबासकी ऐकून गोळ्या थांबवणारे लोक आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतील. ते गोळीमुळे नॉर्मल आहे, हे अर्धे वाक्य बोलायचे राहून गेलेले असते. क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचाराला सहा महिने लागतात आणि खोकला, ताप त्याआधी कितीतरी लवकर थांबतो. तिथे हे अर्धे वाक्य राहिले तर त्याची किंमत घरातल्या इतरांनाही मोजावी लागते.

आणि पथ्य! मराठी रुग्ण हमखास विचारतो, “काय खायचं, काय नाही?” आणि आधुनिक वैद्यकाचा डॉक्टर जवळजवळ तितक्याच हमखासपणे सांगतो, “सगळं खा.” त्या क्षणी रुग्णाच्या मनातून औषध उतरलेले असते. पथ्य विचारणारा माणूस आहारशास्त्राची शंका विचारत नसतो. या आजारात माझ्या हाती काय आहे, हे तो विचारत असतो. डॉक्टरांनी उत्तर दिले नाही तर ते शेजारीण देते, व्हॉट्सअॅप देते, आणि मग कावीळ झालेल्या माणसाला तीन आठवडे हळद-तेल वर्ज्य करून फिक्या भातावर ठेवले जाते. दोन पदार्थ टाळायला आणि दोन खायला सांगण्याला वीस सेकंद लागतात, आणि त्या वीस सेकंदांत रुग्ण उपचारात सामील होतो.

यावर डॉक्टरांचे उत्तर मला पाठ आहे : वेळ कुठे आहे? हे उत्तर खोटे नाही. ६७ देशांतली माहिती एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात प्राथमिक उपचार देणाऱ्या डॉक्टरांच्या भेटीचा सरासरी कालावधी स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे, तर भारतात सुमारे दोन मिनिटे आढळला. आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सोमवारी सकाळी जो उभा राहिला आहे, त्याला हे आकड्यांतून सांगण्याची गरज नाही. पण या दोन मिनिटांचे आपण काय करतो, हा प्रश्न तरीही उरतोच. अमेरिकेत १९८४ साली दोन संशोधकांनी ७४ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा डॉक्टरांनी रुग्णाचे बोलणे सरासरी अठराव्या सेकंदाला तोडले होते आणि जेमतेम २३ टक्के भेटींत रुग्णाला आपली तक्रार पुरी सांगता आली होती. मध्येच तोडले नाही तर रुग्ण तासभर बोलत राहील, ही भीती मात्र फारशी खरी नाही. स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना मध्ये न बोलण्याची सूचना देऊन मोजले गेले, तेव्हा रुग्ण सरासरी ९२ सेकंदांत बोलून थांबले आणि दर पाचांपैकी जवळजवळ चार जणांचे सांगणे दोन मिनिटांच्या आत संपले. तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. आपला माणूस थोडा अधिक बोलतो, गावच्या यात्रेपासून सुरुवात करतो, हे मान्य करून आणखी अर्धे मिनिट वाढवा. तरीही न ऐकता लिहून दिलेल्या तीन तपासण्यांपेक्षा तो वेळ स्वस्त पडेल.

सांगण्याच्या बाबतीत तर वेळेपेक्षा पद्धतीचा दोष मोठा आहे. सांगून झाले की डॉक्टर विचारतात, “कळलं का?” मराठी घरात वाढलेला कोणताही माणूस या प्रश्नाला ‘नाही’ म्हणत नाही. शाळेत ‘नाही’ म्हटल्यावर काय व्हायचे ते त्याच्या लक्षात असते, समोरचा माणूस मोठा आणि शिकलेला असतो, मागे रांग उभी असते, आणि ‘हो’ हा शब्द आपल्याकडे पुष्कळदा नमस्कारासारखा उच्चारला जातो. त्यामुळे “कळलं का?” या प्रश्नातून काहीही कळत नाही. वैद्यकीय माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग रुग्ण लगेचच विसरतो, असे या विषयावरच्या अभ्यासांत आढळले आहे. आणि जो भाग लक्षात राहतो त्यातलाही बराचसा चुकीचा असतो. याला उपाय जुना आणि फुकटचा आहे : “घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल, ते मला एकदा सांगून दाखवा.” यात परीक्षा घेतल्याचा सूर येत नाही, कारण सून खरोखरच विचारणार असते. मामांना हा प्रश्न विचारला गेला असता, तर ‘पातळ’ या शब्दाचा घोटाळा तिथल्या तिथे उघडा पडला असता.

नाशिक जिल्ह्यात तर ‘मराठीत सांगा’ एवढ्यानेही भागत नाही. सुरगाणा आणि पेठ भागातून येणारा रुग्ण घरात कोकणा बोलत असतो, बागलाण-देवळा-मालेगावचा अहिराणी, मालेगाव शहरातल्या बायका उर्दू, आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार भोजपुरी वळणाची हिंदी. दुसऱ्या बाजूला, राज्यातल्या सरकारी महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, तेव्हा वॉर्डात रात्रीच्या पाळीला असलेला निवासी डॉक्टर केरळचा किंवा राजस्थानचाही असू शकतो. त्यात वावगे काहीच नाही. दोघांच्या मध्ये दुभाषा म्हणून उभी राहते ती वॉर्डातली मावशी. लादी पुसता पुसता ती सांगते, “डॉक्टर विचारतायत, संडासला काळं होतं का?” आणि उत्तर आपल्या पद्धतीने गाळून डॉक्टरांना पोहोचवते. सरकारी व्यवस्थेतला निदानाचा एवढा मोठा भार ज्या व्यक्तीवर आहे, तिला या कामाचे एक तासाचेही प्रशिक्षण मिळत नाही आणि पगारपत्रकात त्याचा उल्लेखही नसतो. मध्य प्रदेशाने २०२२ साली एमबीबीएसची पाठ्यपुस्तके हिंदीत आणली, तेव्हा आपल्याकडेही मराठी पुस्तकांची मागणी पुन्हा झाली. होऊ द्या, पण डॉक्टरांनी शरीररचना कोणत्या भाषेत वाचली यापेक्षा त्यांना पेठच्या बाईची कळ तिच्या भाषेत समजते का, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे आणि तो सोडवायला पुस्तके छापावी लागत नाहीत.

आता अवघड भागाकडे यायला हवे. आपल्याकडे डॉक्टर बोलत नाहीत त्याचे एक कारण असे की आपणच त्यांना बोलू देत नाही. तपासणीचा कागद हाती आला की मोठा मुलगा रुग्णाला बाहेर बसवून आत जातो आणि म्हणतो, “डॉक्टर, त्यांना काही सांगू नका हं.” निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार माझ्या ओळखीचे होते. पोटातली गाठ साधी नाही, हे मुलांना कळले आणि वडिलांना अल्सर सांगितला गेला. वडिलांनी त्या हंगामात सोसायटीचे कर्ज काढून दोन एकर नवी बाग लावायला घेतली. नव्या बागेला पहिले पीक यायला दीड-दोन वर्षे जातात. मुलांना नको म्हणता येईना, कारण नको म्हणण्याचे कारण सांगता येत नव्हते. पहिला माल निघायच्या आत ते गेले. आपल्याला काय झाले आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही, असे मुले अजून समाधानाने सांगतात. मला ते खरे वाटत नाही. शेवटच्या दोन महिन्यांत ते माझ्याशी बागेविषयी एक अक्षर बोलले नव्हते.

कायदा या बाबतीत नात्यांपेक्षा स्पष्ट आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सज्ञान आणि निर्णयक्षम रुग्णाची संमती तिच्याकडूनच घ्यावी लागते. तिथे तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय काढण्याची संमती बाहेर बसलेल्या आईकडून घेतली गेली होती, आणि जिवाला तत्काळ धोका नसताना ती संमती चालणार नाही, असा निर्णय झाला. उपचाराचे स्वरूप, त्यातले धोके, पर्याय आणि उपचार न केल्यास काय होईल, हे पुरेसे सांगितल्यावर मिळालेली संमती हीच खरी संमती होय, असेही त्या निकालात आहे. त्या निकालानंतरही आपल्याकडची संमती म्हणजे शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री सिस्टरने पुढे केलेला बारीक टाइपातला कागद आणि “इथे, इथे आणि इथे सही करा” एवढेच शब्द. सही करणारा बहुधा जावई असतो, कारण त्याला इंग्रजी येते. रुग्णाला सर्व काही त्याच्या तोंडावर फेकावे असे मी म्हणत नाही. काहींना खरोखरच ऐकायचे नसते आणि तोही त्यांचा हक्क आहे. पण तसे त्यांनाच विचारता येते : “तपासणीत जे निघेल ते तुम्हाला सांगू, की घरात कोणाशी बोललेलं तुम्हाला चालेल?” हा प्रश्न तपासणीच्या आधी विचारायचा असतो, नंतर नव्हे.

रुग्णाच्या बाजूनेही लपवाछपवी होते. मिश्री आणि तंबाखूचे विचारले की “कधीतरी” असे उत्तर येते, झाडपाल्याचे औषध चालू असल्याचे कोणी सांगत नाही, जुनी फाइल नेमकी घरी राहते, आणि एकाच दुखण्यासाठी तीन डॉक्टर चालू असताना तिघांनाही ‘तुम्हीच पहिले’ असे सांगितले जाते. यामागे लबाडीपेक्षा ओरडा बसण्याची भीती अधिक असते, हे खरे. तरी ज्या माहितीवर मात्रा ठरते ती दडवून वर डॉक्टरांनी मनकवडे असावे, ही अपेक्षा न्याय्य नाही.

डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविषयी थोडक्यातच लिहितो. २०१० च्या कायद्याने महाराष्ट्रात अशा हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड ठेवला आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे, आणि तो तसाच असला पाहिजे. परंतु हा कायदा काच फुटल्यानंतर सुरू होतो. रुग्ण दगावल्यावर जमलेल्या लोकांच्या तोंडी बहुतेकदा उपचार चुकल्याचा आरोप नंतर येतो; आधी येते ते “आम्हाला कोणी काही सांगितलंच नाही.” अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर दोन दिवस बसलेल्या माणसाला संध्याकाळी ठरावीक वेळी कोणीतरी येऊन पाच मिनिटे सांगेल, अवस्था सुधारली नसली तरी सांगेल, एवढी शाश्वती असेल तर त्याच्या मनात शंका साचत नाही. खर्चाचेही तसेच आहे. राज्याच्या नर्सिंग होम नोंदणी नियमांत २०२१ पासून दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. पण “पैशाचं काउंटरला विचारा” असे म्हणून डॉक्टर जेव्हा विषय झटकतात, तेव्हा भिंतीवरचा फलक काही बोलू लागत नाही.

महाराष्ट्रभरच्या वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि परिचर्या महाविद्यालयांच्या परीक्षा ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून घेतल्या जातात, ते १९९८ साली स्थापन झाले आणि आपल्या नाशिकमधल्या म्हसरूळला आहे. म्हणून ही मागणी नाशिककरांनी करणे रास्त ठरेल. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ नावाचा भाग आला, ही चांगली गोष्ट झाली. तो बहुतांशी वर्गातल्या चर्चेपुरता राहू नये यासाठी प्रात्यक्षिक परीक्षेत एक साधी कसोटी ठेवता येईल : परीक्षार्थीने समोरच्या सामान्य माणसाला त्याचा आजार आणि औषध त्याच्या भाषेत समजावून सांगावे, आणि मग त्या माणसाने शेजारच्या खोलीत बसलेल्या परीक्षकाला आपल्याला काय कळले ते सांगावे. गुण त्यावर द्यावेत. विद्यार्थी किती नम्र होता, त्याने किती वेळा मान हलवली, याला गुण नकोत. आणि रुग्णालयांनी डिस्चार्ज कार्डाला एक पान मराठीचे जोडावे : कोणती गोळी कशासाठी, केव्हापर्यंत, कोणाला विचारल्याशिवाय बंद करायची नाही, आणि कोणते लक्षण दिसल्यास रात्री-बेरात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा. औषधे ठळक, वाचता येतील अशा अक्षरांत लिहावीत असा नियम तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच केला आहे. पण सुवाच्य ठळक अक्षरांतली इंग्रजीही मामांना इंग्रजीच असते. हे पान डॉक्टरांनीच भरले पाहिजे असे नाही. सिस्टर भरू शकतात, औषधनिर्माता भरू शकतो, जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्र भरू शकतो. त्या मावशीला थोडे शिकवले आणि चार पैसे अधिक दिले, तर ती ते वाचूनही दाखवू शकते.

राहिला प्रश्न या वेळेचे पैसे कोण देणार हा, आणि इथे आपण वाचकांनी जरा स्वतःकडे पाहावे. सुई टोचली, सलाइन लावले, मशिनखाली झोपवले की आपण विनातक्रार पैसे मोजतो. केवळ बोलण्याचे पैसे मात्र आपल्याला लुबाडणूक वाटते. गेल्या पावसाळ्यात मामांना मी दुसऱ्या एका डॉक्टरबाईंकडे नेले. त्यांनी पंचवीस मिनिटे दिली. सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला लावल्या, त्यातल्या दुहेरी चालू असलेल्या दोन बाजूला काढल्या, कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर नळी आणि जाळी काढून दाखवली, आणि शेवटी मामांकडून सगळे वदवून घेतले. नवे औषध एकही दिले नाही. सटाण्याच्या एसटीत बसवेपर्यंत मामा कुरकुरत होते, की सहाशे रुपये घेतले आणि साधी सुईसुद्धा दिली नाही. मी विचारले, “मग त्या काय म्हणाल्या?” त्यांनी एकेका गोळीचे काम, तिची वेळ, आणि कोणती कधीच थांबवायची नाही, हे गाडी सुटेपर्यंत मला धडाधड सांगितले, आणि खिडकीतून डोके बाहेर काढून पुन्हा म्हणाले, “पण सहाशे जास्तच.”